शकुनाचं पाणी

औषध घालायचं ती साफ विसरली होती, तरी खळगे पिवळेधमक झाले होते.

प्रयोगशाळेतल्या धाकटीनं, सरांच्या सगळ्यात लहान विद्यार्थिनीनं, खळग्याखळग्यांची प्लेट उजेडात धरली. चष्मा पुसला, पुन्हा धरली. पिवळं म्हणजे पेशींनी सायटोकाइन सोडलं. सायटोकाइन म्हणजे शरीरातल्या पहारेकरी पेशींची बोंब: शत्रू घुसलाय, धावा! आपलं औषध या पेशींना जागं करतं, हे सिद्ध करण्यात तिची पाच वर्षं गेली होती. सोमवारी प्रबंध द्यायचा होता. आणि आज पेशी नुसत्या पाण्यानं बोंबलत होत्या.

आजवर तुलनेच्या खळग्यांत कुणी काहीच, साधं पाणीसुद्धा, घालत नसे. सरांची पद्धतच तशी. पाण्यात मेलं बघायचंय काय?

औषध विरघळवायचं पाणी निळ्या कॅनमधलं. सर स्वतः पीएचडी करत होते तेव्हापासूनचा कॅन. "याच्या पाण्यानं एकही प्रयोग फसलेला नाही," असं सर छाती फुगवून सांगत. भिंतीवरची सगळी मानपत्रं त्या कॅनच्याच पुण्याईची.

धाकटीनं कॅनमध्ये हात घातला. आतून बुळबुळीत. ई!

"मावशी, हा शेवटचा कधी घासला?"

काचेची भांडी धुणाऱ्या मावशी फणकारल्या. "मी कोण घासणार? सर म्हणतात, हात लावू नका, गुण जातो. पण कॅनमधून काढलेलं पाणी मी वाफेच्या कुकरात दोनदा उकळते हो. एक जंतू जिवंत राहायचा नाही."

"मेलेलेच नडले, मावशी. पेशी जंतूला त्याच्या अंगरख्यावरून ओळखते. जंतू मरतो, पण अंगरख्याच्या चिंध्या पाण्यात उरतात. वाफेला त्या दाद देत नाहीत. पेशी काय नाडी बघत बसते? चिंधी दिसली, की ठोकली बोंब."

तिनं इंजेक्शनच्या पाण्याची सीलबंद बाटली फोडली आणि सगळं पहिल्यापासून केलं. दोन दिवसांनी निकाल आला. नुसतं पाणी घातलं, पेशी गप्प. त्यात औषध घातलं, तरी गप्प. पाच वर्षं पाण्यात गेली म्हणतात ती अशी. ती खुर्चीत बसून ढसाढसा रडली. मग नाक पुसून सरांकडे गेली.

सर आधी हसले. मग त्यांनी कॅनमध्ये बोट फिरवलं, आणि मटकन खाली बसले. भिंतीकडे बघायचा त्यांना धीर होईना.

एकाएकी ते ताडकन उठले. "अगं, थांब! आपल्या थोरलीनं तिच्या प्रयोगशाळेत तुझं औषध तपासलं ना? निकाल तंतोतंत जुळला! तिथल्या पेशी वेगळ्या, माणसं वेगळी, कॅन नवाकोरा. आता बोल!"

थोरली म्हणजे सरांची पहिली विद्यार्थिनी. धाकटीच्या जिवात जीव आला. खरंच की! औषध खरं असणार. तिनं धावत जाऊन आनंदानं मावशींचे साबणाचे हात धरले आणि थोरलीचा निकाल सांगितला.

"त्या थोरल्या ताई होय?" मावशींचा चेहरा उजळला. "गुणाची पोर. इथून जाताना केवढी रडली! निळ्या कॅनमधलं तांब्याभर पाणी मागून घेऊन गेली माझ्याकडून. म्हणाली, मावशी, नव्या कॅनला विरजण लावते."