दुसरी गाठ

राजापेठेतल्या चामडी वह्यांच्या दुकानात कॉलेजातल्या मुलीनं चामड्याचं स्केचबुक जानरावांपुढे ठेवलं. “काका, पानं भरली. कव्हर हेच ठेवा, आत नवी घालून द्या.” जानरावांनी शिवण कापायला कात्री उचलली, पण दोऱ्याच्या टोकाला दोन गाठी दिसताच हात थबकला. पावसाळ्यात डेंग्यूनं गेलेली त्यांची लेकच अशा दोन गाठी मारायची. ते तिच्यावर खेकसायचे, “एक पुरे ना वं! उद्या कोनी पानं बदलाले आलं, त तुलेच सोडवा लागन!” त्यांनी कात्री ठेवली, चष्मा चढवला आणि भोकं पाडायच्या आरीच्या टोकानं गाठी उकलायला घेतल्या. “कापा ना काका, कावून एवढा वेळ घालवून राहिले?” “दोरा चांगला हाय, माय.” तासाभरानं मेण लावलेला दोरा अख्खा निघाला. नवी पानं त्याच दोऱ्यानं, कव्हरला लेकीनंच पाडलेल्या भोकांतून शिवली. शेवटी एक गाठ मारली. मग लेकीसारखीच दुसरीही मारली.