खाऱ्या परसातला धैंचा

जगनने कोयता उचलला आणि त्याची बायको इंदुबाई मध्ये येऊन उभी राहिली.

"आज नको," ती म्हणाली.

घरामागचं परस पिवळंधमक झालं होतं. धैंचा पुरुषभर वाढला होता आणि शेंड्यापर्यंत फुलला होता. दोन दिवस पावसाने उघडीप दिली होती. इंदुबाईचा धाकटा भाऊ केरू पहिल्या गाडीने तिच्या माहेरून, गागोद्याहून आला होता, तो कापणीला हात लावायला. खाऱ्या मातीत धैंचा पेरा, कापून तिथंच चिखलात तुडवा, कुजला की माती सुधारते, हे त्यानेच तीन वर्षांमागे सांगितलं होतं. बियाणंही त्याचंच.

"ताई, फूल धरलं की कापायचा असतो," केरू म्हणाला. "यंदा पावसापायी आधीच उशीर झालाय. निबर झाला की कुजत नाय. मग काय लाकडं तुडवणार?"

"ठाव हाय मला. तू जरा गप उभा राहून ऐक."

केरूने कान दिला. आधी त्याला खाडीतून धरमतरकडे जाणाऱ्या बार्जची धडधड ऐकू आली. ती लांब गेली, तशी धैंच्यातून बारीक गुणगुण यायला लागली.

"मधमाशा," तो म्हणाला. त्याला त्यात नवल वाटलं नाही. गागोद्याला वाल फुलला की त्या यायच्याच.

"चौतीस वरसं झाली मला हितं नांदायला येऊन," इंदुबाई म्हणाली. "ह्या परसात मधमाशी मी काल पहिल्यांदा बघितली. गेल्या वरसी मोरीच्या पाण्यावर भोपळा लावला. फुलं आली ढीगभर, नि एक भोपळा धरला नाय. आता माशा आल्यात, तर तुमी त्यांचं खाणंच कापून टाकताय."

केरूने जगनकडे पाहिलं. जगनची सगळी उमर मिठागरात गेली होती. तिथं बांधाला गवताची काडी दिसली तरी उपटून फेकायची. पेरायचं, राखायचं काम त्याने ही तीन वर्षंच केलं होतं आणि ते कुणी मध्येच थांबवलं तर काय करायचं, हे त्याला ठाऊक नव्हतं.

त्याने कोयता ओट्यावर ठेवला आणि धैंच्यात शिरला. एक माशी त्याच्या बाहीवर बसली. ती उडेपर्यंत तो हलला नाही. मग कुंपणापर्यंत जाऊन परत आला.

"कुंपणाकडच्या दोन ओळी ठेवू," तो म्हणाला. "भोपळा तिकडंच लाव. बाकीचा कापतो. माती पण झाली पायजे ना गो?"

इंदुबाईने कुंपणाकडे बघितलं.

"तीन," ती म्हणाली.

"बरं, तीन."

"आणि माशा गेल्याबिगर कापायचं नाय."

केरू हसला. "तवर च्या तरी कर मग, ताई."

दुपार कलली, माशा विरळ झाल्या, तेव्हा त्यांनी कापायला घेतलं. जगन प्रत्येक मूठ आधी हलक्या हाताने हलवायचा, मग कोयता लावायचा. केरूने ते बघितलं आणि तोही तसंच करायला लागला. इंदुबाई लुगडं खोचून चिखलात उतरली आणि दोघांनी टाकलेला पाला तुडवू लागली. हिरव्या पाल्याचा उग्र वास परसभर पसरला. संध्याकाळपर्यंत कुंपणाकडच्या तीन ओळी तेवढ्या उभ्या राहिल्या.

केरू पाय धुवायला निघाला. जगन वाकला, गेल्या वर्षी जिथं धैंचा गाडला होता तिथली चिमूटभर माती घेतली आणि जिभेवर ठेवली. मिठागरात पाणी मिठाला तयार झालं का, ते तो असंच बोट बुडवून, चाखून बघायचा. त्याची जीभ चुकत नाही, असं बाकीचे आगरी म्हणायचे.

"पावसानं मातीचा खार धुतला असंल, भावोजी," केरू म्हणाला.

"पाऊस दर वरसी पडतो." जगनने तोंड जरा हलवलं. "खारट हाय अजून. पण मागनं दुसरं कायतरी लागतं."

"काय?"

"मातीच लागते."

इंदुबाईने हात पुढे केला. जगनने तिच्या तळव्यावर थोडी माती ठेवली. तिने ती जिभेला लावली आणि क्षणभर डोळे मिटले.

"गागोद्यासारखी नाय लागत," ती म्हणाली.

"नाय," जगन म्हणाला. "ही हितली हाय."

इंदुबाईने खाली वाकून आणखी एक चिमूट घेतली.