दात दिसू द्या

"हसा रे बाळांनो! दात दिसू द्या!" फोटोवाला ओरडला आणि बालवर्गातली सगळी पोरं दात विचकून हसली.

काचेचं कपाट आज पहिल्यांदाच उघडलं होतं. एरवी पोरांनी काचेला नाक लावून आतली खेळणी बघायची आणि बाईंनी काचेवरचे डाग पुसायचे, एवढाच त्या कपाटाचा उपयोग. आज शाळेच्या जाहिरातीसाठी फोटो हवे होते, म्हणून मोठ्या बाईंनी किल्ली पाठवली होती. ठोकळे, बाहुल्या, डॉक्टरची पेटी, सगळा थाट सतरंजीवर मांडला होता.

लाकडी आगगाडी भिंगरीच्या वाट्याला आली. एका जागी बूड न टेकणारी म्हणून पोरीला हे नाव पडलेलं. पण आज ती पालथी पडून गाडीच्या चाकाकडे बघत होती. एक चाक अडत होतं. तिनं ते नखानं खरवडलं, फुंकर घातली, पुन्हा फिरवलं. फिरलं! तिनं मान वर करून बाईंकडे पाहिलं. फळ्यापुढे घसा कोरडा करूनही असे डोळे बाईंना कधी बघायला मिळाले नव्हते.

"झालं माझं," म्हणत फोटोवाला निघून गेला.

"उचला सगळं," मोठ्या बाई दारातूनच म्हणाल्या.

"थोडा वेळ खेळू द्या ना त्यांना."

"आणि मोडलं म्हणजे? पुढच्या वर्षी फोटोत काय दाखवायचं? पोरं इथे शिकायला येतात, बाई, खेळायला नाही. किल्ली लगेच माझ्या टेबलावर आणून ठेवा."

बाईंच्या तळपायाची आग मस्तकात गेली. शिकायला म्हणे! डोळ्यांदेखत पोर शिकत होती, ते या बयेला दिसलं नाही? पण हे सगळं मनातल्या मनात. तोंडानं त्या "बरं" म्हणाल्या आणि भिंगरीपुढे वाकल्या.

"सोड बघू. शहाणी ना तू?"

पोरीनं गाडी सोडली नाही. एकेक बोट सोडवावं लागलं. ती रडली असती तर बरं झालं असतं.

कपाटाला कुलूप लागलं. किल्ली मुठीत घट्ट आवळून बाई काच पुसू लागल्या. राग काचेवर निघत होता. तेवढ्यात मागून आवाज आला, "हसा रे! दात दिसू द्या!"

बाईंनी वळून पाहिलं. भिंगरीनं दारातले बूट आणून एकेकाच्या हातात दिले होते. पोरं बूट छातीशी धरून दात विचकत होती. मग ती बूट गोळा करत निघाली. शेवटचा बारका पोरगा काही केल्या सोडेना. भिंगरी त्याच्यापुढे वाकली आणि त्याची बोटं सोडवू लागली.

"सोड बघू. शहाणा ना तू?"

आवाज थेट बाईंचा होता.

बाईंनी कुलूप काढून खाली आपटलं. कपाटाची दारं सताड उघडली. "घ्या रे! घ्या सगळं, खेळा!" संतापानं त्यांचा आवाज चिरकला.

कुणीच पुढे आलं नाही. पोरं मुकाट्यानं ओळीत उभी राहिली आणि सगळ्यांनी दात दाखवले.