निर्दोष विमान

हवाई दलात तीस वर्षं राबून थकलेलं ते लढाऊ विमान संग्रहालयात आलं, आणि त्याची देखभाल तिच्याकडे आली. याच जातीच्या विमानात तिचा पायलट नवरा जळून गेला होता, कारण डोक्यावरची काच ऐनवेळी उघडलीच नाही. विमानाचे तुकडे निवायच्या आत चौकशीवरचे साहेब सांगून मोकळे झाले होते, "विमानात काहीही दोष नाही. चूक पायलटची."

आज उद्घाटनाला पाहुणे म्हणून तेच साहेब आले. "या विमानानं कधी कुणाला दगा दिला नाही," असं भाषण ठोकून ते फोटोसाठी मोठ्या हौसेनं आत बसले. वरची काच लावली, फोटो झाले, आणि काच काही केल्या उघडेना. साहेब घामाघूम होऊन आतून बुक्के मारायला लागले.

"अहो बाई, बघत काय राहिलात? विमानात बिघाड आहे! उघडा!"

काच उघडायचा बाहेरचा खटका तिच्या हाताशीच होता. ती शिडीवर निवांत रेलली आणि काचेला तोंड लावून म्हणाली,



"विमानात काहीही दोष नाही, साहेब. चूक पायलटची."