टोकाची फीत

होनोरिओ शेवटची फीत दांडीवर गुंडाळत होता, तेवढ्यात एन्कार्ना चौकात आली. हातात पंखा, पायात प्रवासाचे बूट. तिचं घर विकून झालं होतं. मुलगा बार्सिलोनाहून गाडी घेऊन आला होता आणि शर्यतीआधीच तिला घेऊन निघणार होता. ऑगस्टचं ऊन डोकं फोडत होतं, तरी निरोप घ्यायला म्हणून ती आलीच.

होनोरिओला सेहेचाळीस वर्षं जे सांगायचं राहिलं होतं, ते आता पाच-दहा मिनिटांत सांगायचं होतं. आज राहिलं तर मग ते राहिलंच.

शर्यत तशी सोपी. गावातल्या मुली आपापल्या फितीवर आपलं नाव भरतात. फिती दांडीवर गुंडाळतात, नाव आत राहतं, खाली लोंबते ती फक्त कडी. घोडेस्वार दौडत येतो, हातातल्या काठीने कडी ओढतो, आणि जिचं नाव उलगडेल तिच्याबरोबर जत्रा संपेपर्यंत नाचतो. आपली फीत कितवी, ते मुली ज्याला कळवायचं त्याला हळूच कळवतात. हल्ली घोडे गेले आणि सायकली आल्या, पण मुलींची कुजबुज काही थांबलेली नाही.

"एन्कार्ना, बस जरा. माझ्या डोक्यावर एक पाप आहे."

"एकच?" ती कारंज्याच्या पायरीवर टेकली. "मग बरं चाललंय की तुझं."

त्याला हसू आलं नाही. त्याने खाली मान घातली आणि सगळं सांगून टाकलं. तेव्हा फितींचं काम त्याच्या बापाकडे होतं. घोडेस्वारांपैकी दामियान गावभर सांगत सुटला होता, एन्कार्नाची फीत चौथी, तिनेच कळवलंय. होनोरिओला ते सोसलं नाही. त्याचा तिच्यावर जीव होता आणि तसं म्हणायची छाती नव्हती. दुपारी सगळं गाव दारं लावून झोपलेलं असताना त्याने ती फीत चौथ्या जागेवरून काढली आणि पार टोकाला नेऊन लावली. दामियानच्या काठीला भलतीचंच नाव लागलं. एन्कार्नाची फीत लिबोरिओ या दुसऱ्याच स्वाराने ओढली. दोघं नाचले, वर्षाच्या आत लग्न झालं. पुढे चाळीस वर्षं लिबोरिओ घरात गुरगुरत राहिला, आणि एन्कार्नाचं गाणं गावाने पुन्हा ऐकलं नाही. दामियान मात्र आपल्या बायकोला आजही फुलासारखं जपतो. होनोरिओने लग्न केलंच नाही. दरवर्षी बदाम झोडायला आले की जत्रा यायची, आणि त्याचं मन त्याला खायचं.

"तुझा संसार मी नासवला," तो म्हणाला. "मला माफ कर."

एन्कार्नाचा पंखा थांबला.

"मी बघितलं होतं तुला. फीत हलवताना. खिडकीतच उभी होते."

"मग बोलली का नाहीस? दामियानला तरी..."

"दामियानला मी कधी काय कळवलं होतं? चौथी म्हणून कुठून तरी ऐकलं असेल, मी कळवल्याची थाप त्याची. तू फीत टोकाला लावलीस, मला वाटलं, चला, या घुम्याला एकदाचा धीर आला. स्वतःला सोपी जावी म्हणून जागा बदलतोय." तिने पंखा मिटला. "तीन फेऱ्या ती तशीच लोंबत होती रे. मी दुसऱ्या कुणाकडे मान वर करून पाहिलं नाही. चौथ्या फेरीला लिबोरिओ आला."

कोपऱ्यावर गाडीचा हॉर्न वाजला. एन्कार्ना गुडघ्यावर हात टेकून उठली. तिला राग आल्यासारखं दिसत नव्हतं, नुसती दमल्यासारखी दिसत होती. तिने त्याच्या खांद्यावर हात ठेवला.

"फीत हलवलीस, त्याची कसली माफी मागतोस?" ती म्हणाली. "घोडा तुझ्या दारातच बांधलेला होता. त्यावर बसला का नाहीस, ते सांग."