पडद्यावरचे डॉक्टर

"वाचव त्याला, नाहीतर तुझं डोकं फोडीन!" थोरल्या भावाने लोखंडी सळई कपाटावर हाणली. औषधाच्या बाटल्या खळाखळा फुटल्या.

धाकटा दवाखान्याच्या टेबलावर पडला होता. बाजारातल्या मारामारीत त्याच्या छातीत सुरा बसला होता. ओठ काळेनिळे, श्वास घशाशी आलेला. सिस्टरांनी जखम दाबून धरली आणि भिंतीवरच्या पडद्याकडे बघितलं. पडद्यावर डॉक्टर होते.

पूर्वी डॉक्टर इथेच खुर्ची टाकून बसायचे. मग एक म्हातारी दगावली आणि तिच्या नातेवाइकांनी डॉक्टरांना पायऱ्यांवरून फरफटत नेऊन त्यांचा हात मोडला. त्यानंतर दारावर पाटी लागली, डॉक्टर शहरातून पडद्यावर तपासतील. सगळ्यांना कौतुक वाटलं. शिव्या घालायच्या तर घाला पडद्याला! मार खायला मात्र सिस्टर होत्याच.

"सिस्टर, जाड सुई घ्या," डॉक्टर म्हणाले. "गळ्याच्या हाडाखाली, दोन बरगड्यांच्या मधे. घाबरू नका."

सिस्टरांनी सुई खुपसली. छातीत कोंडलेली हवा फुस्स करून सुटली. धाकट्याने डोळे उघडले.

"आहे रे, जीव आहे!" थोरला रडायलाच लागला.

बाहेर गर्दी खवळली होती. कुणीतरी धोंडा भिरकावला, खिडकीची काच फुटली. सिस्टर दचकल्या. पडद्यावरचे डॉक्टरही दचकले.

"सुईने निभणार नाही. छातीत नळी घालावी लागेल. अँब्युलन्स कुठवर आली?"

"तासभर लागेल म्हणतात. एवढा वेळ टिकेल हा?"



"बोल की आता!" थोरला पडद्यावर धावून गेला. "तिकडे पंख्याखाली बसून अक्कल शिकवतोस! हिंमत असेल तर ये इथे!"

"सिस्टर, नळी तुम्ही घाला. मी सांगतो तसं करा."

"सर, मी जन्मात कधी नळी घातली नाही! माझ्या हातून मरेल हो पोरगा!"

धाकट्याचा श्वास पुन्हा अडकला. थोरल्याचं डोकंच फिरलं. सळईचा पहिला घाव पडद्यावर बसला, डॉक्टर दिसेनासे झाले. दुसरा सिस्टरांच्या खांद्यावर बसला. हाड मोडल्याचा आवाज झाला आणि त्या भिंतीशी कोसळल्या.

"गेला तुझा डॉक्टर! आता तुझी पाळी!"

सिस्टरांना भीतीपेक्षा संताप आला. "मार ना, मेल्या! तुझ्या भावाजवळ आता माझ्याशिवाय आहेच कोण?"

थोरल्याने तरीही सळई उगारली.

तेवढ्यात मागच्या औषधांच्या खोलीची कडी आतून निघाली. हातमोजे चढवत पडद्यावरचेच डॉक्टर बाहेर आले आणि थोरल्याला म्हणाले, "बाजूला हो. नळी मी घालतो."