जपणारं कॉलेज

शिंप्यानं काउंटरवर दोन्ही हात टेकले आणि सरळच विचारलं, "बाई, मुलगी म्हणून जन्मलेलं पोर 'मी मुलगा आहे' म्हणालं, तर तुमच्या कॉलेजात त्याला कुणी त्रास देतं का हो?"

ऑफिसातल्या बाईंनी मान वर केली. हे असं आईबाप विचारत नाहीत, पोरंच विचारतात, तीही दबकत. "इथं नाही देऊ देत आम्ही," त्या म्हणाल्या. "अशी मुलं आहेत की आमच्याकडे. होस्टेलची खोलीसुद्धा त्यांना विचारून देतो. घेऊन या तुमच्या मुलाला."

"आणू कुठून? मीच घराबाहेर काढलंय."

आणि एवढा बाप्या गडी रांगेतल्या पोरांसमोर ढसाढसा रडायला लागला. जन्मभर लोकांचे शर्ट शिवले यानं. पोरानं स्वतःसाठी एक शिवून मागितला, तर त्याला दार दाखवलं! जाताना पोर म्हणालं होतं, माझ्यासारख्यांना जपणारं कॉलेज शोधीन आणि तिथंच शिकेन. तेव्हापासून बाप अशी कॉलेजं पालथी घालत होता.

त्यानं पोराचं नाव सांगितलं. "इथं आहे का, तेवढं बघा."

"नाही सांगता येणार. मुलानं परवानगी दिल्याशिवाय आम्ही घरच्यांनाही काही सांगत नाही."

"अहो, बाप आहे मी त्याचा!"

"म्हणूनच," बाई बोलून गेल्या आणि त्यांचं त्यांनाच वाईट वाटलं.

शिंप्यानं पिशवीतून शर्ट काढला. निळा, दोन खिशांचा, अंगापेक्षा जरा सैलच शिवलेला. "भेटवू नका. एवढा पोचवा फक्त."

"ठेवून घेतला, तर तो इथं आहे असं सांगितल्यासारखंच होईल ना, काका." बाईंनी शर्ट त्याच्याकडे परत सरकवला. "खरंच नाही घेता येणार."

त्यानं शर्टाची घडी घातली, गिऱ्हाइकाला देतात तशी नीट, आणि पिशवीत ठेवला. बाह्यांनी डोळे पुसले.

"बाकी ठिकाणी नाव सांगितलं की लगेच बघून सांगायचे. बसा म्हणायचे, पाणी द्यायचे. नाही म्हणणाऱ्या तुम्हीच पहिल्या. म्हणजे पोरांना जपणारं कॉलेज हेच."

दारापर्यंत गेला आणि मागे वळला. "मी परत येईन, बाई. राहवणार नाही मला. भांडेन, पाया पडेन. तरी मला काही सांगू नका."